मिनातोगावाची कीपर

सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या त्या घरात रविवारी दुपारी दोन ते चार फोन उचलला जात नाही, हे मयूराच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं. काहींना वाटे, बाई झोपते. काहींना वाटे, काही व्रतबित असेल. जपानच्या बायकांच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगची मॅच ती लॅपटॉपवर बघत बसते, हे खरं कारण तिनं सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. ज्यांचा बसला त्यांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे घरी?"

सगळं ठीक होतं. श्रीनाथ पुण्याचा, आयटीतला, स्वभावानं गरीब. बायकोला एक वेड आहे आणि ते घरातल्या घरात भागतं, यात तक्रार करण्यासारखं त्याला काही दिसत नसे. मिताली आठ वर्षांची. ती मधूनच येऊन स्क्रीनकडे बघे आणि विचारी, "मम, हू आर दे?" मयूरा क्लबचं नाव सांगे. "बट व्हाय डू वी केअर?" याला मात्र आठ वर्षांच्या मुलीला देण्याजोगं उत्तर मयूराकडे नव्हतं.

उत्तर कोल्हापुरात होतं. तिथं पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉलचा संघ. कुस्तीच्या तालमीत फुटबॉल कसा शिरला हे बाहेरच्याला कळत नाही, आणि कोल्हापूरकर ते समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. मयूराचे वडील आबा, म्हणजे मुरलीधर साळोखे, पाणीपुरवठ्यात फिटर होते आणि सोळा वर्षं पेठेच्या संघाचे गोलकीपर. उंची बेताची. गुडघे गेल्यावर तेच पोरांना शिकवायला लागले. मुलगा गुरुदत्त चेंडू बघितला की बाजूला सरकायचा. मुलगी समोर जायची. मग नऊ वर्षांच्या मयूरालाच त्यांनी गोलात उभं केलं, पोरांना शॉट मारायला कुणीतरी हवं म्हणून. चार वर्षं ती रोज संध्याकाळी त्या दोन खांबांमध्ये उभी राहिली. तेराव्या वर्षी एका संध्याकाळी तिनं संघाच्या सगळ्यात नावाजलेल्या पोराचे लागोपाठ पाच शॉट अडवले. दुसऱ्या दिवशी बूट घालायला बसली तर आबा म्हणाले, "आजपासनं न्हाई यायचं. मोठी झालीस." बस्स, एवढंच. आईनं बूट बोहारणीला दिले.

ती रडली नाही. शिकली, मायक्रोबायोलॉजी केलं, मास्टर्सला सिडनीला आली आणि पॅरामॅटाच्या एका सुशीच्या दुकानात भात वळायला लागली. २०११च्या जुलैत एका सोमवारी सकाळी ती शिफ्टला गेली तर दुकानातली जपानी बाई, जी एरवी मीठ जास्त झालं तरच तोंड उघडायची, ती ओट्यापाशी उभी राहून हमसून रडत होती. जपानच्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला होता. बाईनं मयूराला आपल्या फोनवर पेनल्ट्या दाखवल्या. एक अडवताना कीपरची झेप चुकली होती, अंग एकीकडे गेलं होतं आणि मागे राहिलेल्या पायानं चेंडू बाहेर गेला होता. मयूरानं ते पाच वेळा बघितलं. मग विचारलं, "हिला घरून कुणी अडवलं नाही?" बाईला प्रश्नच समजला नाही.

तेव्हापासून हे सुरू. राष्ट्रीय संघाचा तिला लवकरच कंटाळा आला. तो सगळं जग बघतं. तिला बघायचं असे ते त्याच्या आधीचं. तेराव्या-चौदाव्या वर्षी कुणाला निवडतात, शाळेच्या संघातून क्लबच्या मुलींच्या संघात कोण जातं, सतरा वर्षांखालच्या शिबिराला कुणाला बोलावणं येतं, कोण गळतं. नावं वाचण्यापुरती लिपी ती शिकली. बाकीचं गूगल जे काही अगम्य इंग्रजी करून देई त्यावर भागवी. पाच वह्या भरल्या. त्यांत एक नाव ती मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून होतं: इशिमोरी. मिनातोगावा नावाच्या लहानशा बंदराच्या गावातल्या क्लबची कीपर, उंची पाच फूट दोन इंच. इतक्या बुटक्या पोरीला गोलात कोण उभं करतं, असं कुणालाही वाटेल. मयूराला तसं वाटलं नाही.

आबांना हे सगळं म्हणजे पोरखेळ वाटे. फोनवर चेष्टा करायचे.

"काय म्हणत्यात तुझ्या जपानणी? भातुकली झाली का खेळून?"

"एकदा बघा की आबा."

"पोरी काय खेळत्यात? बॉल एकीकडं, ह्या दुसरीकडं."

आणि मग बातमी आली की २०२०च्या नोव्हेंबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात होणार, त्यातल्या काही मॅचेस आणि फायनल नवी मुंबईत. जपान पात्र ठरलेला. इशिमोरीला शिबिराचं बोलावणं आलेलं. मयूरानं फेब्रुवारीतच तीन आठवड्यांची रजा टाकली, तिकीट काढलं आणि फोन केला. "आबा, नोव्हेंबरात मी येतेय. गुरुदत्त तुम्हाला गाडीनं वाशीला आणेल. मांडीला मांडी लावून मॅच बघायची."

"चालंल की. मुंबई तरी बघून हुईल."

मुंबई त्यांनी बघितलेली होती. तिला त्यांना दाखवायची होती ती दोन खांबांमध्ये उभी राहिलेली मुलगी, आणि ती दाखवून झाल्यावर त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं: मयूरे, माझं चुकलं. छत्तीस वर्षांची बाई, स्वतःचं घर, पर्मनंट नोकरी, आणि अजून बापाच्या एका वाक्यासाठी अडून बसलेली. श्रीनाथ एकदा तसं म्हणाला, तर तिनं त्याला दोन दिवस डबा दिला नाही.

घाई आबांच्या डोळ्यांची होती. साखरेनं डोळ्यांचे पडदे सुजले होते. दर महिन्याला मिरजेला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे. दिलं तर नजर टिकेल, चुकवलं तर सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. वय शहात्तर. नोव्हेंबरपर्यंत टिकवायची होती.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. ऑस्ट्रेलियानं बाहेरच्यांना आत घेणं थांबवलं आणि आतल्यांना बाहेर जाणंही. कोल्हापुरातही तेच, फक्त छोट्या मापाचं: मिरज पन्नास किलोमीटरवर, पण जिल्हा दुसरा, हद्दीवर पोलीस, ई-पास हवा. एप्रिलचं इंजेक्शन चुकलं. मेचं चुकलं.

"अरे, पास काढ ना!" मयूरा गुरुदत्तवर ओरडली.

"काढतोय की! दोनदा रिजेक्ट झाला. तू तिथं बसून बोलतीस. हितं ये आणि काढून दाखव."

"मला येता येत नाहीये म्हणूनच तुला सांगतेय ना?"

"मला तरी जाता येतंय का?"

दोघंही खरं बोलत होती आणि दोघंही एकमेकांना कायमची दुखावत होती. जूनमध्ये पास मिळाला तेव्हा आबांचा डावा डोळा गेलेला होता आणि उजव्याला कडेकडेचं दिसत होतं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. एव्हाना स्पर्धाही पुढे ढकलून फेब्रुवारी २०२१ला नेली होती.

मयूरा वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खात्यात होती. धुवायची, भिंगाखाली बघायची, ट्रेमध्ये लावायची, गुंडाळायची, भट्टीत सारायची आणि सही करायची. तिनं सही केलेला ट्रे सर्जननं परत पाठवला, असं सात वर्षांत झालं नव्हतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती कशावरच सही करत नसे. हाच स्वभाव तिला नडला. सप्टेंबरात तिनं देश सोडायच्या परवानगीचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वडिलांची दृष्टी जात आहे, ती जाण्याआधी त्यांच्याबरोबर फुटबॉलची मॅच पाहायची आहे.

श्रीनाथनं अर्ज पाठवून झाल्यावर वाचला. त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, फुटबॉल कशाला घातलंस? वडील सीरियस आहेत, एवढं लिहायचं. डॉक्टरचं पत्र जोडायचं. सगळे तसंच करतात."

"पण ते सीरियस नाहीयेत. त्यांना दिसायचं बंद होतंय."

"ऑफिसरला काय कळणार?"

"मला कळतं ना."

चौथ्या दिवशी नकार आला. तीन ओळींचा, अगदी सभ्य. सभ्यपणानं नाही म्हणण्यात त्या देशाचा हात कुणी धरणार नाही.

मात्र जुलैपासून एक नवी गोष्ट सुरू झाली होती. जपानची लीग उशिरा का होईना, सुरू झाली. जपानात दुपारी एकला मॅच, सिडनीत दोन, कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ. पहिल्याच रविवारी मॅच चालू असताना आबांचा फोन आला. त्यांना घड्याळ दिसत नव्हतं, दिवस कळेनासे झाले होते. रविवारी फोन न उचलणाऱ्या मयूरानं उचलला.

"काय करतीस?"

"मॅच बघतेय."

"बघतीस? बघ बाबा. ज्याला दिसतंय त्यानं बघावं." आणि म्हणाले, "सांग की मग."

ती सांगायला लागली आणि दोन मिनिटांत आबांनी तिला थांबवलं. असं नाही सांगायचं. बॉल कुणाकडं आहे ते पोस्टमन सांगतो. कीपर कुठं आहे ते सांग. खांबापासून किती, लाइनीच्या किती पुढं, वजन कुठल्या पायावर. आणि हे जपानचं मैदान त्यांच्या डोळ्यांपुढं येत नाही, तेव्हा सगळं कोल्हापूरच्या स्टेडियमवर सांग. एक पॅव्हेलियनकडचा गोल, दुसरा उन्हातला, जिथं संध्याकाळी कीपरच्या डोळ्यांवर सूर्य येतो. तेव्हापासून मयूरानं मिनातोगावाच्या सगळ्या मॅचेस कोल्हापुरात खेळवल्या. समुद्राकडून वारा आला की ती 'पंचगंगेकडचा वारा' म्हणे.

"लोकं का वरडत न्हाईत?" आबांनी विचारलं.

"प्रेक्षक नाहीत. कोरोनामुळे बंदी आहे."

"मग कुणासाठी खेळत्यात?"

इशिमोरी त्यांना आधी आवडली नाही. मग ती सगळ्या बुटक्या कीपरसारखी दोन पावलं पुढं उभी राहते हे कळलं, आणि ते सावरून बसले. "तिला म्हणावं आणि एक पाऊल पुढं. घाबरू नको म्हणावं." जसं काही मयूराला तिच्या कानात सांगता येणार होतं. तिच्या डोक्यावरून गोल गेला की आबा स्वतःवर वार झाल्यासारखे "आयला!" म्हणत. पेनल्टी अडवली तेव्हा त्यांनी अंजूला, म्हणजे सुनेला, हाक मारून चहा मागितला, साखरेचा. सप्टेंबरपर्यंत इशिमोरी 'आपली पोरगी' झाली होती. कट्ट्यावर सांगायचे, "आमची एक जपानला हाय." गुरुदत्तनं मयूराला, भांडण बाजूला ठेवून, कळवलं: "आठवड्यात आबा तेवढंच बोलतात. बाकी भिंतीकडं तोंड करून बसतात."

नकार आल्यावर मयूरानं दुसरा अर्ज तयार केला, या वेळी मिरजेच्या डॉक्टरांच्या पत्रासह. उजव्या डोळ्याच्या कडेनं का होईना, गोलातली पोरगी दिसली असती. आबा त्यासाठी मान तिरकी करून बघायचा सराव करत होते. तुळशीवृंदावन, मग गेट, मग रस्त्यावरचं कुत्रं.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला सकाळी टी-रूममध्ये तिनं फोन उघडला आणि वाचलं: स्पर्धा रद्द. पुढे ढकललेली नाही, रद्द. भारताला २०२२ची स्पर्धा देणार. पण तेव्हा मुली नव्या. इशिमोरी २००३च्या जन्माची, तिचं वय संपलं होतं. मयूरानं मास्क वर ओढला आणि आत जाऊन उरलेली शिफ्ट केली. एका ट्रेची सही तिच्याकडून राहिली. शेजारच्या फिलिपिनो मैत्रिणीनं ती दाखवून दिली आणि "यू ओके, लव्ह?" विचारलं. मयूरा म्हणाली, "नो वरीज."

आबांना तिनं रविवारी सांगितलं.

"रद्द म्हंजे? फुडं गेलं?"

"रद्द म्हणजे रद्द, आबा. या मुलींना आता खेळता येणार नाही. वय संपलं त्यांचं."

"आपल्या पोरीचं बी?"

"तिचंही."

मग आबा म्हणाले, "माझं बी संपलंच म्हणायचं." आणि मान तिरकी करून बघायचा सराव त्यांनी त्या दिवशी सोडला, असं नंतर अंजूनं सांगितलं.

जानेवारीत क्लबच्या पानावर इशिमोरीचा फोटो आला आणि खाली चार ओळी. गूगलनं जे केलं त्याचा अर्थ एवढा लागला की ती खेळणं थांबवत आहे, एप्रिलपासून घरच्या गावी नर्सिंगला जाणार आहे, आणि सगळ्यांची तिनं माफी मागितली आहे. माफी कशाची ते गूगललाही सांगता आलं नाही. सतरा वर्षांची पोर. मयूरानं वहीत तिच्या पानावर तारीख घातली. असं तिनं शंभरेक मुलींच्या पानांवर घातलं होतं. यावेळी वही मिटायला तिला वेळ लागला.

नवा हंगाम मार्चअखेर सुरू झाला. गोलात नवी कीपर होती, पाच फूट नऊ इंच, सफाईदार. साडेनऊला कोल्हापूरचा फोन लागला.

"आपली पोरगी हाय न्हवं?" आबांनी पहिलंच विचारलं.

भिंतीकडे तोंड करून बसलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढे आला. "आहे की," ती म्हणाली.

झालं. सरकारी अर्जात खोटं न लिहिणाऱ्या बाईनं बापाला खोटं सांगितलं, आणि एकदा सांगितलं म्हणजे दर रविवारी सांगणं आलं. ती काही बनवत नव्हती. समोर दिसे तेच सांगे, फक्त नाव बदलून. नवी कीपर अडवी, मयूरा म्हणे इशिमोरीनं अडवलं. नवीनं कॉर्नर झेलला, मयूरा म्हणे इशिमोरीनं झेलला. आबा "हां, हां" करत. "आयला!" मात्र कमी झालं. मयूराला वाटलं, वय.

श्रीनाथला हे बाजूच्या खोलीतून ऐकू येई. एकदा तो म्हणाला, "सांगून टाक. त्यांना काय, कोणीही कीपर असली तरी चालेल."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"काहीच नाही. पण तू मॅच संपल्यावर हल्ली भांडी आपटतेस."

जूनच्या शेवटी सिडनी पुन्हा बंद झालं आणि यावेळी पश्चिमेकडची वस्ती जास्तच. डोक्यावर हेलिकॉप्टर, रस्त्यावर पोलीस, मास्कशिवाय दिसलं की दंड. मिताली दिवसभर लॅपटॉपपुढे शाळा करे आणि तिला स्क्रीनचा इतका वीट आला की रविवारी आईच्या खोलीकडे फिरकेनाशी झाली. मयूरा परवाना दाखवून हॉस्पिटलात जाई, परत येऊन गॅरेजमध्ये कपडे काढून आंघोळीला जाई. कोल्हापुरात तर त्या महिन्यात घरटी एक आजारी. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुदत्तचा मेसेज आला: "मिरजेला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले आता येऊ नका. इंजेक्शनचा उपयोग नाही. उजवा पण गेला."

म्हणजे आता दाखवायचं काहीच उरलं नव्हतं. नवी मुंबई नाही, बावीस साल नाही. मयूरानं दोन दिवस विचार केला आणि ठरवलं की दाखवून जे मिळवायचं होतं ते आता सरळ मागायचं. तिला तेच जमे.

त्या रविवारी पहिला हाफ तिनं नेहमीसारखा सांगितला. शून्य-शून्य. मग म्हणाली, "आबा, एक विचारू?"

"विचार की."

"मला का थांबवलंत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. अंजूनं गॅस बारीक केल्याचाही आवाज आला.

"ती पोरगी कधी सुटली?" आबा म्हणाले.

"कोण?"

"कोण काय? आपली. बुटकी."

मयूराच्या हातातलं पेन वहीवर तसंच राहिलं. "जानेवारीत."

"व्हय. पयल्याच रविवारी कळलं मला. तू म्हणालीस, कॉर्नर आला आन् तिनं सगळ्यांच्या डोक्यावरनं झेलला. पाच फूट दोन इंचाची कीपर गर्दीतला कॉर्नर झेलत न्हाई मयूरे. बुक्की मारती. मी बी सोळा वर्सं बुक्कीच मारली."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तू सांगत हुतीस. मी ऐकत हुतो." मग विचारलं, "का सोडलं तिनं?"

"नर्सिंगला गेली. स्पर्धा रद्द झाली, मग कुणी..."

"चांगली हुती न्हवं?"

"चांगली होती."

"मग कुणीतरी काढलं तिला. खेळाय येत नसतं तर कुणाचं काय अडलं नसतं. खेळली असती आणि चार वर्सं, आपोआप सुटलं असतं. चांगल्यालाच काढाय लागतंय."

ती इशिमोरीबद्दलची गोष्ट नव्हती, हे कळायला मयूराला एक क्षण लागला.

"त्या दिवशी तू पाच अडवलंस," आबा म्हणाले. "सगळी पोरं त्या पोराला हसाय लागली. त्याचा बा माझ्या शेजारी हुबा. मोठा माणूस, तालमीचं सगळं त्याच्या हातात. म्हणाला, मुरल्या, पोरगीला गोलात किती दिवस ठेवणार? मी म्हणालो, आजचा शेवटचा." दम घेऊन पुढे म्हणाले, "तीन अडवलं असतंस तर ठेवली असती."

"मला कळलं असतं तर तीनच अडवले असते."

"न्हाई अडवलं असतंस."

ते खरं होतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"आबा, चुकलं असं वाटतं का तुम्हाला?"

आता तिनं मागितलंच होतं. चोवीस वर्षांनी, लॅपटॉपवर थांबलेल्या स्कोअरबोर्डसमोर, शब्दही तेच त्यांच्या हातात ठेवून. त्यांना फक्त हो म्हणायचं होतं.

आबा खोकले. पाणी प्यायले. "त्या टायमाला मी दुसरं काय करणार हुतो?" ते म्हणाले. आणि लगेच, "दुसरा हाफ सुरू झाला असंल. बघ."

सुरू झाला होता. मयूरानं सांगायला सुरुवात केली. मिनातोगावा आता उन्हातल्या गोलात. कीपर लाइनीवर. यावेळी तिनं नवीचं खरं नाव घेतलं आणि उंचीही सांगितली. आबांनी चार-पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"उंच हाय ही."

"हो."

"मग हिला काय अवघड?" ते म्हणाले. "ठेव आता. गुरुदत्तला जेवायला बसायचंय."

कोल्हापुरात सकाळचे पावणेअकराही वाजले नव्हते.

मयूरानं मॅच पुढे बघितली. दोन गोल झाले, दोन्ही मिनातोगावावर, दुसरा तर कीपरच्या उघड चुकीनं. श्रीनाथनं दारात येऊन विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "हरले." त्यानं आबांचं विचारलं नाही. त्याला भिंतीतून सगळं ऐकू आलं असावं. चहा ठेवून गेला.

पुढच्या रविवारी साडेनऊला तिनं फोन केला तो गुरुदत्तनं घेतला. मागे आबांचा खोकण्याचा आवाज येत होता, म्हणजे ते तिथंच होते.

"आबा म्हणतायत मॅचचं नको आता," गुरुदत्त म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा भांडखोर नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "एरवी कधीतरी सहज कर म्हणतायत."

"सहज म्हणजे कधी?"

गुरुदत्तनं फोनवर हात ठेवून विचारलं. काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही. "कधीपण," तो म्हणाला. "बोलायचं असलं की."

"बरं," मयूरा म्हणाली.

तो आठवडा गेला. बुधवारी तिची शिफ्ट रात्रीची होती, दुपार मोकळी. तिनं फोन हातात घेतला, आबांचं नाव काढलं आणि काय बोलायचं याचा विचार करत उभी राहिली. हवा कशी आहे. साखर किती आली. जेवलात का. या तिन्हींची उत्तरं गुरुदत्त मेसेजवर रोज कळवत असे. सिडनीला आल्यापासून आबांना सहज असा फोन तिनं एकदाही केलेला नव्हता. नेहमी काहीतरी काम असे, नाहीतर मॅच. सहा वाजेपर्यंत तिला काही सुचलं नाही. मग ट्रेनची वेळ झाली.